घड्याळ घेण्याआधी आठवडा लिहून काढा

बेळगावच्या शहापुरातल्या आमच्या दुकानात वडिलांच्या काळी गिऱ्हाईक एकच तक्रार घेऊन यायचं, "घड्याळ मागं पडतंय." बहुतेक वेळा चावीचं एचएमटी असायचं. वडील डोळ्याला भिंग लावून मागचं झाकण उघडायचे आणि दोष डोळ्याला दिसायचा. आता त्याच स्टुलावर मी बसतो. खरं (आम्ही बेळगावकर 'पण'ला 'खरं' म्हणतो, ती सवय सुटत नाही) आता लोक दुरुस्तीपेक्षा सल्ल्यालाच जास्त येतात. "मामा, व्यायामाला कुठला बँड घेऊ, सांगा बघू." मी उलटा प्रश्न टाकतो, "करतोस काय?" त्यावर उत्तर ठरलेलं असतं, "सगळंच करतो की."

सगळा घोळ या "सगळंच"मध्ये आहे. नुसतं पळणाऱ्याला घड्याळ निवडणं सोपं. नुसतं पोहणाऱ्यालाही सोपंच. खरं जो सोमवारी तालमीत जोर मारतो, बुधवारी पोहतो आणि रविवारी सायकल घेऊन राजहंसगड गाठतो, त्याला खोक्यावरच्या "शंभरहून अधिक क्रीडाप्रकार" या ओळीचा काही उपयोग नाही. स्वस्त बँडात त्यातले बरेचसे प्रकार म्हणजे वेळ आणि हृदयाचे ठोके मोजणारा एकच कार्यक्रम असतो. वरचं चित्र तेवढं बदलतं. माझं वय ४७, आणि हा "सगळंच" करणारा माणूस मी स्वतः आहे. दोनदा चुकीची खरेदी करून जे कळलं ते लिहितोय.

पहिलं काम घरी करायचं. वहीचं एक पान घ्या आणि सात दिवस लिहा. प्रत्येक व्यायामापुढं तीन गोष्टी हव्यात. त्या वेळी हात काय करतो? डोक्यावर काय असतं, आभाळ, कौलं की पाणी? आणि व्यायाम झाल्यावर तुम्हाला खरोखर कुठला आकडा बघायचा असतो? तिसऱ्या रकान्यापाशी बरेच जण पेन चावत बसतात. बसू द्या. पैसे तिथंच वाचतात.

माझं पान असं होतं. सोमवार आणि गुरुवार तालीम: जोर, बैठका, मुद्गल. मूठ आवळलेली, मनगट वाकलेलं, वर कौलं. मला बघायचं होतं ठोके कुठवर चढतात आणि दोन फेऱ्यांमध्ये किती लवकर उतरतात. मंगळवार आणि शुक्रवार टिळकवाडीच्या व्हॅक्सिन डेपोत थोडं पळणं, थोडं चालणं. हात मोकळे, वर झाडं. तिथं वेळ आणि अंतर पुरे. बुधवारी पोहणं, म्हणजे किती लांब्या (तलावाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत एक लांबी) झाल्या तेवढं. रविवारी सायकल: येळ्ळूरवरून राजहंसगड आणि परत. हात हँडलवर, वर मोकळं आभाळ. तिथं अंतर, चढ आणि ठोके तिन्ही हवेत. जून ते सप्टेंबर सायकल भिंतीला टेकलेली असते, आणि जुलैत आठ दिवस रोप लावण. तो व्यायामच, खरं त्याची नोंद कशाला ठेवायची?

पान भरलं की त्यातला सगळ्यात अवघड व्यायाम शोधा आणि घड्याळ त्याच्यावरून निवडा. चालताना ठोके जवळपास कुठलंही बरं घड्याळ नीट मोजतं. अवघड जागी जे टिकतं ते सोप्या जागी टिकतंच. माझ्या पानावर अवघड होता तो मुद्गल. का, ते नीट समजून घ्या. पुढची निम्मी निवड त्यावरच ठरते.

मनगटी घड्याळ उलटं केलं की हिरवे दिवे लुकलुकताना दिसतात. हिरवा उजेड रक्त शोषून घेतं. हृदयाचा ठोका पडला की मनगटात क्षणभर रक्त जास्त येतं आणि तेवढा उजेड परत कमी येतो. दिव्याशेजारचा छोटा डोळा हे कमी-जास्त होणं मोजतो. बस, एवढंच. आता मुद्गल फिरवताना काय होतं ते बघा. मूठ आवळली की मनगटाच्या शिरा उचलतात, हात वाकतो, घड्याळ कातडीपासून सुटतं, फटीतून बाहेरचा उजेड आत शिरतो. डोळ्याला लुकलुक दिसतेच, खरं ती रक्ताची नसते, हलण्याची असते. गोंदलेल्या कातडीवर आणि थंडीत आखडलेल्या हातावर हाच त्रास होतो. सावळी कातडी हिरवा उजेड जास्त खाते, म्हणून आपल्याला तर घड्याळ घट्ट बसणं आणखीच गरजेचं.

माझा पहिला बँड दोन हजारांतला होता. मुद्गलाच्या दोन फेऱ्या झाल्यावर श्वास छातीत मावत नव्हता आणि बँड दाखवत होता ९४. मानेवर बोटं ठेवून १५ सेकंद मोजले तर ३६ ठोके, म्हणजे मिनिटाला १४४. तालमीतली पोरं म्हणाली, "मामा, तुमचं हृदय पैलवानाचं हाय की ओ." दुसऱ्या दिवशी सपाट रस्त्यावर शेजाऱ्याशी गप्पा मारत पळत होतो तर आकडा १७२. मला शंका आली. पावलं मोजली. १५ सेकंदांत ४३. गुणिले चार करा. बँड माझं हृदय सोडून पाय मोजत बसला होता! पळताना पावलांचा ताल एकसारखा आणि जोरकस असतो, आणि कच्चा बँड त्यालाच ठोके समजतो. म्हणून पळताना आकडा १६० ते १८०च्या घरात जाऊन खिळा ठोकल्यासारखा स्थिर झाला आणि तुम्ही मात्र आरामात बोलू शकताय, तर आधी पावलं मोजा, मग डॉक्टरांकडे जा.

यावर फुकटातले उपाय आधी करा. घड्याळ मनगटाच्या हाडावर बांधू नका. हाडापासून दोन बोटं वर, कोपराच्या बाजूला बांधा. व्यायामाला एक छिद्र घट्ट, एरवी एक छिद्र सैल. हात गार असतील तर आधी पाच मिनिटं अंग तापवा. एवढ्यानं पळण्याचे आणि सायकलचे आकडे बरेच सुधारतात. मुद्गल, डंबेल, दोरी चढणं यांचे फारसे सुधारत नाहीत. तिथं मनगटाचीच मर्यादा आहे.

म्हणून दुकानात विचारायचा माझा पहिला प्रश्न: "याला छातीचा पट्टा जोडता येतो का?" छातीचा पट्टा उजेडावर चालत नाही. हृदयाची वीज थेट पकडतो, म्हणून हात काय करतोय याच्याशी त्याला देणंघेणं नसतं. बांधण्याआधी त्याची आतली बाजू पाण्यानं ओली करायची, नाहीतर पहिली पाच-दहा मिनिटं आकडे वेडेवाकडे येतात. छातीला आवळलेलं सोसत नसेल तर दंडावर बांधायचा पट्टाही मिळतो. तो उजेडावरच चालतो, खरं दंड मनगटासारखा वाकत नाही. पळणाऱ्यांसाठी आणि सायकलवाल्यांसाठी बनवलेली घड्याळं ब्लूटूथवरून असे पट्टे घेतात. स्वस्त बँड बहुधा घेत नाहीत. कागदावर लिहिलेलं नसेल तर "नाही" असंच धरून चाला. तुमच्या पानावर जिमची वजनं किंवा तालीम असेल तर मी म्हणेन, घड्याळ थोडं साधं घ्या आणि उरलेल्या पैशात पट्टा घ्या.

कुस्ती, ज्युडो खेळणाऱ्यांना वेगळंच सांगतो. अंगावर काही बांधून मातीत उतरायचं नाही. तुमचं घड्याळ समोरच्याच्या कानाला लागेल. आनंदवाडीच्या आखाड्यात घड्याळ घालून उतरलेला पैलवान मी अजून बघितलेला नाही. झटापटीचा वेळ नंतर ॲपमध्ये हातानं भरता येतो का, तेवढं बघा. अंगठीसारखी यंत्रंही आलीत. झोपेला बरी असतील, खरं मुद्गलाच्या मुठीत किंवा सळईवर लोंबकळताना बोटात धातूचं कडं नको. बोट सोलवटतं आणि अंगठी चेपते.

आता आभाळाकडं. अंतर मोजायला जीपीएस लागतो आणि इथं सगळ्यात जास्त फसवणूक होते. काही बँडांच्या खोक्यावर "जीपीएस" लिहिलेलं असतं आणि पुढं बारीक अक्षरात "फोनच्या मदतीनं." म्हणजे बँडात जीपीएस नाहीच. फोन खिशात असेल तरच नकाशा उमटतो. सायकलवर फोन जवळ असतोच, त्यामुळं चालून जातं. पळताना मात्र खिशात फोन आपटत राहतो. तुमच्या पानावर फोनशिवायचं पळणं असेल तर आतच जीपीएस असलेलं घड्याळ घ्या. दुकानात पारखायची सोपी रीत: फोन बंद करा, दुकानाबाहेर उघड्यावर या, पळण्याचा प्रकार चालू करा. उपग्रह सापडल्याची खूण दोन-तीन मिनिटांत आली तर जीपीएस आत आहे.

तो सापडल्याशिवाय पळायला सुटू नका. निम्म्या लोकांचं पहिलं अर्धं किलोमीटर असंच हरवतं आणि मग घड्याळाला शिव्या. दाट झाडीत, जांबोटीच्या पुढं चोर्ल्याकडं जाताना, किंवा गल्लीतल्या उंच भिंतींमध्ये रेघ थोडी वाकडी येणारच. दोन वेगवेगळ्या लहरींवर उपग्रह ऐकणारी घड्याळं तिथं कमी चुकतात, खरं महाग असतात. आपल्या इस्रोच्या नाविक प्रणालीचे उपग्रह पकडणारी घड्याळंही आहेत. एवढ्यासाठी जास्त पैसे घालायची गरज मला रविवारच्या सायकलीत कधी वाटली नाही. ज्याला दर आठवड्याला कणकुंबीच्या जंगलात पळायचंय त्यानं विचार करावा.

चढ हा वेगळा विषय. जीपीएस आडवं अंतर बरं मोजतो, उंचीत गोंधळतो. हवेचा दाब मोजणारा बॅरोमीटर घड्याळात असेल तर राजहंसगडाचा किंवा वंटमुरी घाटाचा चढ नीट येतो. तो नसला की सपाट रस्त्यावरही चढ दिसतो. मात्र हवा बदलली की दाबही बदलतो, त्यामुळं पाऊस दाटून आला की गडाची उंची थोडी वर-खाली होते. घाबरू नका, गड तिथंच आहे. बॅरोमीटरचं छिद्र घड्याळाच्या कडेला बारीक टाचणीएवढं असतं. त्यात टाचणी घालून माती काढू नका! आत पातळ पडदा असतो. तो फाटलेली घड्याळं माझ्या टेबलावर येतात आणि प्रत्येक जण म्हणतो, "मी काहीच केलं नव्हतं." साध्या पाण्याखाली धरा, मऊ ब्रश फिरवा, सावलीत वाळवा.

पाण्याबद्दल दुरुस्तीवाला म्हणून थोडं जास्त बोलतो. आपल्याकडचा पाऊस आणि घाम दोन्ही मिळून वर्षातले चार महिने घड्याळ ओलंच असतं. खोक्यावर दोन प्रकारचे शेरे दिसतात. "आयपी ६८" म्हणजे धूळ आत जात नाही आणि कंपनीनं ठरवलेल्या खोलीत, ठरवलेल्या वेळेपुरतं, साध्या स्थिर पाण्यात चालतं. पोहण्याचं वचन त्यात नाही. "५ एटीएम" म्हणजे ५० मीटर खोलीवर स्थिर पाण्याचा जेवढा दाब पडतो तेवढा सोसण्याची चाचणी. पन्नास मीटर बुडी मारायची परवानगी नव्हे. हात पाण्यावर आपटताना क्षणभर दाब वाढतो, म्हणून एवढी सूट ठेवलेली असते. पोहणाऱ्यानं ५ एटीएमच्या खाली जाऊ नये.

आणि गरम पाण्याची आंघोळ घड्याळ घालून करू नका. साबण आणि वाफ झाकणाखालच्या रबराला मारतात. पोहून सुखरूप आलेली घड्याळं न्हाणीघरात मरतात, हे मी मोजून सांगू शकतो. एकदा कुणी झाकण उघडलं की मूळची सीलबंदी गेली असं समजा. त्यात मीही आलो. बॅटरी बदलून दिली की मी पावतीवरच लिहून देतो, "पाण्यात घालू नये." तरी घालतात.

तलावात लांब्या मोजायच्या असतील तर तलावाची लांबी घड्याळात आधी भरा, २५ असेल तर २५, ५० असेल तर ५०. भिंतीला लाथ मारून वळताना हाताचा जो झटका बदलतो त्यावरून घड्याळ लांबी मोजतं. मध्येच थांबून चष्मा पुसला तर एकाच्या दोन होतात. पाण्यात मनगटावरचे ठोके मनावर घेऊ नका. कातडी आणि डोळ्याच्या मध्ये पाणी शिरतं. विहिरीत तर सगळंच बाद. पाण्याखाली उपग्रहाचा संदेश पोचत नाही, आणि गोल विहिरीला लांबी कसली? माझ्या भाच्यानं येळ्ळूरच्या विहिरीत काठावरून सूर मारला आणि पट्ट्याची पिन निसटली. घड्याळ चैत्रात पाणी उतरल्यावर गाळात सापडलं. विहिरीच्या दिवशी घड्याळ चपलेत ठेवायचं.

पिनेवरून मनगटाच्या पट्ट्याचं आठवलं. लोक शेवटी बघतात, मी आधी बघतो. २० किंवा २२ मिलिमीटरचा साधा पट्टा बसणारं घड्याळ असेल तर तुटल्यावर खडेबाजारात दुसरा मिळतो. कंपनीचीच खास खाच असेल तर तो पट्टा मागवा, वाट बघा, आणि दोन वर्षांनी तो यायचा बंद होतो. तालमीच्या लाल मातीत ताक, लिंबू, हळद, तेल, काव असं काय काय घातलेलं असतं. पांढरा पट्टा पहिल्या आठवड्यात भगवा होतो. काळा घ्या. सिलिकॉनच्या पट्ट्याखाली घाम साचून पुरळ येणाऱ्यांनी विणलेला नायलॉनचा वापरावा, खरं तो लवकर वाळत नाही. पावसाळ्यात दोन पट्टे आलटून पालटून वापरायचे.

घड्याळाला दाबायचं बटण आहे ना, तेही बघून घ्या. ओल्या बोटाला, घामट बोटाला काचेचा पडदा दाद देत नाही. पावसाचे थेंबच पडदा दाबतात आणि सायकल चालू असताना नोंद आपोआप थांबते. चालू करणं आणि थांबवणं बटणावर असलेलं बरं.

आता पावलांचं. दहा हजारांचा आकडा एका यंत्राच्या नावातून आलाय. १९६५ साली जपानी कंपनीनं कमरेला लावायचं एक यंत्र काढलं, त्याच्या नावाचाच अर्थ दहा हजार पावलं मोजणारं. तेव्हापासून तो आकडा चिकटला. घड्याळ पाऊल बघत नाही, हाताचा हेलकावा बघतं. म्हणून माझ्या बायकोची पावलं सकाळी चुलीपुढं भाकरी थापतानाच वाढतात. हातमागावर बसलेल्या विणकराचीही वाढणार, आणि खड्ड्यांच्या रस्त्यावर स्कूटर चालवणाऱ्याचीही. उलट सायकलवर दीड तास घाम गाळला तरी पावलं जवळजवळ शून्य, कारण हँडलवरचा हात हलत नाही. वेगवेगळे व्यायाम करणाऱ्यानं पावलं सोडून मिनिटं मोजावीत. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२०च्या शिफारशीत प्रौढांना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम सांगितला आहे. हा हिशोब तालमीला, तलावाला, सायकलीला सारखाच लागू पडतो. म्हणून आठवड्याची मिनिटं एकत्र करून दाखवणारं ॲप मला पावलांच्या ॲपपेक्षा उपयोगी वाटतं.

कॅलरीचा आकडा मी पडद्यावरून काढूनच टाकला. २०१७ साली अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठानं सात मनगटी यंत्रं ६० माणसांवर तपासली. सहा यंत्रांनी ठोके पाच टक्क्यांच्या चुकीत मोजले. कॅलरी मात्र सगळ्यात चांगल्या यंत्रानंही सरासरी २७ टक्के चुकवल्या, आणि सगळ्यात वाईटानं ९३ टक्के. त्यानंतर यंत्रं सुधारली असतील, खरं पडद्यावर "६०० जळाल्या" वाचून घरी येऊन कुंदा खाणारा माणूस तोच आहे. तो मी होतो, म्हणून सांगतो.

रक्तदाब, साखर, ऑक्सिजन असं सगळं दोन हजारांत दाखवणाऱ्या घड्याळाला हात लावू नका. कातडी न टोचता रक्तातली साखर मोजणाऱ्या एकाही घड्याळाला किंवा अंगठीला मान्यता दिलेली नाही, असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनानं फेब्रुवारी २०२४मध्ये दिला. रक्तदाब दाखवणारी जी नीट घड्याळं आहेत त्यातलीही बरीचशी दंडाला बांधायच्या यंत्रावर अधूनमधून जुळवून घ्यावी लागतात. आईच्या गोळ्यांचा डोस अशा पडद्यावर ठरवायचा नाही.

दुकानात एक गंमत करून बघा. बँड चालू करून बटाट्याला बांधा. कच्चा बँड बटाट्याचेही ७२ ठोके सांगतो. चांगलं घड्याळही कधी फसतं, उजेड परत आला की काहीतरी वाचतंच, त्यामुळं एवढ्यावर नापास करू नका. खरं बटाट्याचा ऑक्सिजन ९८ दाखवला तर खोक्यात परत ठेवा. बटाट्यापेक्षा पक्की पारख म्हणजे तिथंच पायरीवर ३० बैठका मारायच्या आणि मानेची नाडी मोजून आकडा ताडायचा. लोक बघतात. बघू देत, पैसे तुमचे.

सीमाभागात राहणाऱ्यांनी आणखी एक पारख करावी. ती मला कुठल्या माहितीपत्रकात दिसली नाही. आपल्या फोनवर मराठी आणि कन्नड दोन्ही लिपींतले निरोप येतात. घरच्यांचे देवनागरीत, वीजबिलाचे कन्नडमध्ये. बऱ्याच स्वस्त बँडांवर एका लिपीचे किंवा दोन्हींचे नुसते चौकोन उमटतात. दुकानात उभं असतानाच घरी फोन लावून दोन्ही लिपींत एकेक ओळ पाठवायला सांगा. माझ्या दुसऱ्या घड्याळावर "उद्या रोप लावणीला ये" हा निरोप आठ-दहा चौकोनांत आला, आणि मी गेलो नाही. भावाला अजून पटत नाही.

घड्याळ कोल्हापुरातून आणलं म्हणून स्वस्त पडत नाही, जीएसटी दोन्हीकडं एकच. बघायचं ते हे की दुरुस्ती केंद्र कुठं आहे. बेळगावात नसेल तर कुरिअरनं पाठवायला लागेल, आणि बिलाशिवाय ते घेत नाहीत. ओळखीच्या माणसानं गोव्याहून बिलाशिवाय आणलेलं माझं एक घड्याळ दीड वर्षात बंद पडलं. कंपनीनं दारातूनच परत पाठवलं. दुसऱ्या हाताचं घेत असाल तर जुन्या मालकाच्या खात्यातून ते त्याच्यासमोरच सोडवून घ्या, नाहीतर नुसती वीट आणली म्हणून समजा. फोन कुठला आहे तेही बघा. ॲपलचं घड्याळ आयफोनशिवाय चालू होत नाही, आणि हे विकत घेतल्यावर कळणारे दर महिन्याला एखादा तरी येतात.

बॅटरीचं पटकन सांगतो. "१४ दिवस" हा आकडा जीपीएस बंद, पडदा बहुतेक वेळ काळा, असा धरलेला असतो. जीपीएस चालू ठेवून किती तास चालतं ते वेगळं लिहिलेलं असतं, ते वाचा. दोन तासांची सायकल रविवारची आणि दोनदा पळणं एवढ्याला मला आठवड्यातून एकदा चार्जिंग पुरतं. रोज चार्ज करावं लागणारं घड्याळ वाईट नसतं, खरं पहाटे पाचला तालमीत निघताना ते मेलेलं असतं. चार्जरचा एक जादा जोड घेऊन ठेवा. प्रत्येक कंपनीचा चार्जर वेगळा.

काहींना मी घड्याळच घेऊ देत नाही. मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र गावातच असल्यामुळं सैन्यभरतीची तयारी करणारी पोरं दुकानात नेहमी येतात. एका पोरानं उसने पैसे आणले होते, जीपीएसचं घड्याळ हवं होतं. मी विचारलं, "पळतोस किती?" म्हणाला, "सोळाशे मीटर." "कुठं?" "चारशेच्या ट्रॅकवर." मग चार फेऱ्या मोजायला उपग्रह कशाला? उलट गोल ट्रॅकवर जीपीएस वळणं कापतो आणि अंतर चुकवतो. त्याला प्रत्येक फेरीची वेळ वेगळी धरणारं साधं बटणाचं स्टॉपवॉच दिलं. गिऱ्हाईक गेलं म्हणून बायको हसली. पोरगा मात्र अजून येतो, फेऱ्यांचे आकडे घेऊन.

आजी-आजोबांना किल्ल्याच्या तळ्याभोवती चालायला घ्यायचं असेल तर मोठे आकडे, हलकं वजन आणि आठवडाभर टिकणारी बॅटरी एवढं बघा आणि दोन-तीन हजारांच्या पुढं जाऊ नका. नुसतं पळणाऱ्याला आत जीपीएस आणि बटणं. माझ्यासारख्या खिचडीवाल्याला ५ एटीएम, आत जीपीएस, बॅरोमीटर, छातीचा पट्टा जोडायची सोय, बटणं आणि मनगटाला साधा पट्टा. ही यादी घेऊन गेलात की दुकानातली तीन-चतुर्थांश काच आपोआप गळून पडते.

आणल्यावर पहिल्या दिवशी वय, वजन, उंची खरी भरा. वजन खरं भरा म्हटलं की लोक माझ्याकडं बघतात. कुठल्या हाताला बांधता तेही भरा. ठोक्यांची कमाल मर्यादा बहुतेक घड्याळं २२० वजा वय अशी धरतात, माझी १७३ येते. दुसरं एक सूत्र २०८ वजा वयाच्या ०.७ पट असं आहे, त्यानं १७५ येते. दोन्ही सरासरीची सूत्रं आहेत, माणसागणिक दहा-बारा ठोके इकडंतिकडं सहज असतात. मला राजहंसगडाच्या शेवटच्या चढावर छातीच्या पट्ट्यानं १८१ दाखवले, दोन रविवार लागोपाठ. मग मी घड्याळात तोच आकडा हातानं भरला आणि "अतिश्रम, थांबा" असं ओरडणं बंद झालं. हृदयाची तक्रार असणाऱ्यानं असले प्रयोग डॉक्टरांना विचारून करावेत.

पहिले सात दिवस खोकं टाकू नका आणि ते वहीचं पान जवळ ठेवा. रोज व्यायाम झाला की पानावर हातानं लिहा: मानेची नाडी, फेऱ्या, किती वेळ. शेजारी घड्याळाचा आकडा. सायकलचा तोच रस्ता दोनदा जा आणि दोन्ही वेळचं अंतर ताडा. दोन फेऱ्यांतला फरक शंभर-दोनशे मीटरच्या पुढं गेला, किंवा बुधवारच्या लांब्या तीनदा चुकल्या, तर बिल आणि खोकं घेऊन सातव्या दिवसाच्या आत दुकानात जा. परत घेण्याची मुदत किती आहे हे घेतानाच बिलावर लिहून घेतलेलं असू दे.